पाणी जोखणारा

चौतीस वर्षं मी दौगवपिल्समध्ये घरोघरी
पाण्याचे मीटर वाचले.
कुणाचा नळ रात्रभर गळतो,
कुणाच्या घरातलं माणूस गेलं
आणि आकडा निम्म्यावर आला,
मला कळायचं. बोललो नाही कधी.

म्हणून जिन्यातला फिलोडेंड्रॉन पिवळा पडायला लागला
तेव्हा मी आधी कुंडीत बोट घातलं.
दुसऱ्या पेरापर्यंत चिखल.
वास बंद तळघराचा.

कुणाचा होता तो? कुणाचाच नाही.
आयर्लंडला कामासाठी गेलेल्या कुणीतरी
जाताना तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ठेवला,
मग सगळ्या बिल्डिंगनेच त्याला जीव लावला.
येगोर उरलेला चहा ओतायचा.
समोरची पोरगी शाळेची बाटली रिकामी करायची.
आणि रोज चार वाजता, पाचव्यावरून,
कठडा धरत, पायरीपायरीला थांबत
लेओन्तिने यायची, हातात निळा मग.
माया अशी मुळावर येते.

मी कागद चिकटवला: पाणी घालू नये.
खाली कुणीतरी लिहिलं: का?
मी लिहिलं: थंडीत त्याला तहान नसते.
वरची दोन बोटं माती सुकू द्या.
हवं तर पानं पुसा, ओल्या फडक्याने.
त्याच्याखाली थरथरतं अक्षर:
आज फार दमलेला दिसला. थोडंसंच दिलं.

रविवारी उपटला.
अर्धी मुळं हातात आली, भिजक्या सुतळीसारखी.
वेल कापायची ती पेराच्या खाली;
तिथे एक तपकिरी टोक बाहेर डोकावत असतं,
निघायच्या तयारीत, कोट घालून उभं.
चीक मनगटाला लागला, रात्रभर खाजत बसलो.
एक तुकडा साल-मातीच्या कुंडीत, माझ्या घरी.
तीन तुकडे काकडीच्या लोणच्याच्या बरणीत,
नुसत्या पाण्यात, जिन्यातल्या खिडकीत.

चार वाजता दाराआड उभा राहिलो.
पावलं आली. थांबली.
खूप वेळ काहीच नाही.

बाहेर गेलो तर ती बरणीकडे बघत होती,
मग तसाच भरलेला.
"हा तर पाण्यातच बसलाय," म्हणाली,
"मग आता मी काय करू?"

"हीटरने पाणी उडतं," मी म्हणालो,
"रोज अर्धा सेंटीमीटर. भरावं लागतं."

चौतीस वर्षांत पहिल्यांदाच
न वाचता आकडा सांगितला.

फेब्रुवारीत पांढरी मुळं सुटली, केसांएवढी.
ती अजून येते. काठोकाठ भरते, वर थोडं सांडते.
मी एक फडकं
तिथेच ठेवून दिलंय.