दोन केसांचा फरक

विल्बर्टने काउंटरवर मखमलीचा तुकडा अंथरला
आणि त्यावर चोक मांडले, बोटभर लांबीचे.
एकाच्या तोंडाशी भोकं, एकाला निळी झाक.
बंदुकीबरोबर कारखान्यातून आलेला
तातोंच्या खिशात होता, रुमालात गुंडाळून,
पडलेल्या दातासारखा.

"हा फुल, पस्तीस हजारांश आवळलेला. हा अठ्ठावीस.
नेऊन बघा. ओरखडा पडला तर तुमचा."
मी मनात वजाबाकी केली. सात.
इंचाचे सात हजारांश, म्हणजे
डोक्यावरचे दोन केस एकावर एक.
माझ्या वडिलांपाशी तेवढेच उरलेत साधारण.

गेल्या उन्हाळ्यापासून ते चाप उशिरा ओढतात.
"पुल!" म्हणतात, नारिंगी चकती सुटते,
गाल लाकडाला टेकतो,
आणि मग अर्धा सेकंद काहीच होत नाही.
तेवढ्यात ती दहा यार्ड पुढे.
लांब गेलेल्या चकतीला घट्ट चोक हवा, हे कुणीही सांगेल.
पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
अंधूक दिसणाऱ्याला सैल हवा,
छर्रे पसरतात, जरा चुकलं तरी चालून जातं.
उशीर म्हणतो आवळ, डोळा म्हणतो सोड.
नेमाचाच नेम नाही, तिथे विल्बर्ट तरी काय सांगणार?

क्लबच्या मागे, कापलेल्या कनोलाच्या शेतात
चाळीस यार्डांवर मी कागद ताणला.
सस्कॅचवानचा वारा; चारी कोपऱ्यांना दगड बांधले.
तीस इंचांचं वर्तुळ, आणि गुडघ्यावर बसून
एकेका भोकावर पेन्सिलचा ठिपका.
फुल : दोनशे एकाहत्तर.
अठ्ठावीस : दोनशे बावन्न.
मधे एके ठिकाणी तळहाताएवढी कोरी जागा,
जिथून अख्खी चकती सुखरूप निघून जाईल.
मी ती तातोंना दाखवली नाही.

"कुठला?" त्यांनी विचारलं.
"अठ्ठावीस," मी म्हटलं, हिशेब मोडून.

पंचविसांतल्या सतरा फुटल्या.
एकवीस नंबरच्या चकतीतून धूर निघाला, काळसर, स्पष्ट.
मर्विनने पाटीवर शून्य काढलं.
"धूळ उडाली, ओस्ताप. तुकडा नाही पडला."
नियम आहे. तातोंनी वाद घातला नाही,
फक्त रिकामं काडतूस काढून खिशात टाकलं.

संध्याकाळी आम्ही खुंटांतून चालत गेलो.
सापडली ती. अख्खी,
अंगात तीन आरपार भोकं.
तातोंनी ती उचलली, फुंकली,
मोतीबिंदूच्या डोळ्याला लावली
आणि गावाच्या कोठाराकडे बघत राहिले.

"दिसतंय काही?"
"थांब," ते म्हणाले. "घाई कसली आहे."

थोड्या वेळाने ती त्यांनी कोटात ठेवली.
मग म्हणाले, "दोन्ही घेऊ.
पैसे तू दे."