रकाना एकोणतीस

विषय क्रमांक चौदा आला तेव्हा
सभागृहात साडेनऊ माणसं उरली होती.
निंबाबापू सैंदाणे अर्धे आत, अर्धे बाहेर,
दारातच तंबाखू चोळत.
"पर्यावरण कार्यक्रमात शहराच्या सहभागास मान्यता देणे,"
मी वाचलं. "सहभाग ऐच्छिक."

"आमले काय भेटी?"
एक पाटी, म्हटलं. पत्र्याची असेल.
"आन् नही जमनं तं?"
काही नाही. कोणी विचारणार नाही.
गयासभाई हसले,
यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेलं मोठं हसू:
"विचारणारच नाही? मग करा मंजूर."
आणि बाकं वाजवून
धुळं हिरवं झालं.

अर्ज माझ्या टेबलावर आला,
कारण माझं टेबल जन्ममृत्यू आणि मोकाट कुत्री
यांच्या मधोमध आहे,
आणि दोन्हीकडे न मावणारं सगळं माझं.

झाडं किती?
रजिस्टर म्हणतं, गल्ली नंबर चार: बासष्ट.
उद्यान विभागाचा रूपसिंग पावरा आणि मी
भर उन्हात मोजायला गेलो.
"सतरा," तो म्हणाला.
"तो निंब धरला तर अठरा.
त्याच्या गळ्यात केबलची वायर आहे. धरू?"
धरला.
उरलेली चव्वेचाळीस कागदावर लावलेली,
दर जूनला कागदावरच पाणी घालून
जगवलेली.

कचरा ओला किती, सुका किती?
पांझरेत जातो तो कुठल्या रकान्यात धरायचा
याची सूचना अर्जात नव्हती.

साहेब म्हणाले, "बासष्टच लिही.
कोण येतंय मोजायला?"

मग रकाना एकोणतीस:
आपल्या परिसरात पाणीवाटपाची काही जुनी पद्धत आहे का?
असल्यास पन्नास शब्दांत.

मी पेनाचं टोपण काढून बसलो.
पन्नास शब्दांत फड.
पन्नास शब्दांत बंधारा, पाट, चाऱ्या,
यंदा या फडात ऊस, त्या फडात बाजरी,
पलीकडचा पडीक, त्याला कोणाची ना नाही.
आणि माझा बाप, दगा पाटकरी,
खांद्यावर फावडं,
मनगटावर घड्याळ नाही, खिशात शिक्का नाही.
तिकांडं कुठवर चढलं त्यावरून
कोणाचं बारं संपलं ते सांगायचा.

एका आटत्या सालात
आमचाच ऊस अर्धा भिजला होता
आणि तिकांडं बाभळीमागे गेलं.
आई म्हणाली, "राहू द्या जरासं.
कोन देखस? रात शे."
त्यानं उत्तर दिलं नाही.
फावड्यानं माती ओढली, टाचेनं दाबली,
आणि शेजारच्या वावरात
पाण्याचा आवाज सुरू झाला.

त्या साली ऊस खुजा राहिला, गूळ काळा पडला.
आई महिनाभर धड बोलली नाही त्याच्याशी.
हेही पन्नासात बसवायचं म्हणजे.

झाडांच्या रकान्यात मी अठरा लिहिलं.
एकोणतिसाव्यात लिहिलं:
होती. रात्री चालायची. पाहणारं कोणी नसायचं.
चव्वेचाळीस शब्द शिल्लक राहिले.

साहेबांनी न वाचता सही केली.
शिक्क्याची शाई वाळली होती.
त्यावर तोंडानं वाफ देऊन
मी शहराला सहभागी केलं.

आज आठवा दिवस. पहाटे तीनला नळ आले.
गल्लीभर एकामागून एक मोटारी घरघरल्या.
भिंतीपलीकडून गोजरबाईंचा आवाज:
"तुमना ड्रम भराई गया का?
मोटार बंद करा ना भो, आठे थेंब नही."

भरला नव्हता.
चार बोटं बाकी होती.
बटणावर अंगठा ठेवून मी वर पाहिलं,
तिकांडं कुठवर आलं ते.
पथदिव्याच्या उजेडात
काही दिसलं नाही.