हात शिवशिवतात

ग्युमरीच्या काळ्या दगडांवर रात्रभर बर्फ पडतंय
आणि आत, कॉलेजच्या व्यायामशाळेत,
बास्केटबॉलच्या रिंगखाली
एकेचाळीस लॅपटॉप जागे आहेत.
माझ्या गळ्यात पिवळा बिल्ला. स्वयंसेवक.
काम सोपं: एक्स्टेंशन बोर्ड द्यायचे,
झोपलेल्यांना ओलांडताना पाय जपून टाकायचा,
आणि वेळ आलीच तर
दाराशेजारच्या कागदाकडे बोट दाखवायचं.

कागदावर सात नियम.
नियम काही आभाळातून पडत नाहीत.
जुना कोड नवा म्हणून मांडू नये, हा म्हेरच्या गटाचा.
झोपलेल्याचा फोटो काढू नये, हा ह्रिप्सिमेचा,
जी तोंड उघडं टाकून झोपली
आणि सकाळी साऱ्या कॉलेजच्या फोनमध्ये जागी झाली.
पाचवा माझा.
हे कुणाला ठाऊक नाही. कागद मीच टाइप केला.

गेल्या वर्षी, पहाटेचे चार.
घरातल्या शेगडीचा धूर ओळखणारं आमचं यंत्र
धुराला वाफ म्हणत होतं.
न्वार्द चूक शोधत होती, ओळ न् ओळ,
मसुरातले खडे वेचावेत तशी.
मी घड्याळ बघत होतो.
हात शिवशिवत होते.
"दे इकडे," म्हणालो,
आणि तिच्या बोटांखालून कीबोर्ड ओढला.

अकरा मिनिटांत सापडली चूक.
आमचा दुसरा नंबर आला.
बक्षिसाच्या फोटोत न्वार्द नाही.
ती खाली स्वयंपाकघरात कप विसळत होती.
अझ्नीव मावशींनी नंतर सांगितलं,
"चकार शब्द बोलली नाही पोरगी.
कप मात्र लख्ख."

दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेऊ नये. आधी विचारावं.
एवढं लिहायला मला दहा महिने लागले.

आत्ता टेबल नऊवर
व्रेझ, पहिल्या वर्षाचा, ताडमाड,
आणि शेजारी दोन बोटांनी टाइप करणारी शोघिक.
त्याचा उजवा हात उठतो,
कीबोर्डच्या काठापर्यंत जातो.
मी खुर्चीतून अर्धा उठलेला, बोट तयार.
तेवढ्यात तो हात मागे घेतो,
कुणी पाहिलं का बघतो,
आणि दोन्ही तळवे मांडीखाली सारून
चक्क त्यांच्यावर बसतो.
मला हसू येतं.
मग येत नाही.

न्वार्द यंदा मार्गदर्शक आहे. लाल बिल्ला.
दोन दिवसांत आमचं बोलणं म्हणजे
"प्लग", "चहा", "तिकडे".
ती येऊन कागदासमोर थांबते.
वाचते. पाचव्यापाशी जरा जास्तच वेळ.
"हा कुणी लिहिला?"
"मी."
माफी घशाशी आलेली,
दहा महिने घोटून गुळगुळीत केलेली,
इतकी गुळगुळीत की सटकलीच.

"अपुरा आहे," ती म्हणते. "पेन दे."

भिंतीवर आडवं धरलेलं बॉलपेन,
शाई काही उतरत नाही.
ती झटकते. टोकावर फुंकर मारते. पुन्हा टेकवते.
कागद सोडवून टेबलावर ठेवला
तर एका दमात लिहून होईल,
हे मला दिसतंय.
तिलाही दिसत असेल. नसेलही.
हात शिवशिवतात.
मी ते खिशात घालतो,
एका खिशात किल्ल्या, दुसऱ्यात
कालच्या पोळीचा वाळका तुकडा.

आणि, असं उमटतं.
मग बराच वेळ नुसता कोरडा ओरखडा.
मग, नाही म्हटलं तर.
बाहेर बर्फ थांबलंय की वाढलंय, कळत नाही.
ती पेन पुन्हा झटकते.
वाक्य अजून पुरं व्हायचंय.
मी उभा आहे.