तिसरी वायर

पाच स्क्रू. चार दिसतात,
पाचवा रबराच्या पायाखाली दडलेला,
हे कळलं तोवर सुरीचं टोक वाकलं होतं
आणि स्पीकरच्या कडेचा एक टवका उडाला होता.

जुनी बॅटरी वात धरलेल्या पोटासारखी,
टच्च आणि कोमट.
नवी तेवढीच लांब, तेवढीच रुंद,
अंगावर तोच आकडा, तीन पॉइंट सात.
लाल लालला जोडली, काळी काळीला.
बटण दाबलं.
आतली बाई म्हणाली, पॉवर ऑन,
आणि श्वासही न घेता, पॉवर ऑफ.

टिळकनगर, तिसरा मजला, रात्रीचे साडेदहा.
मीटर लावला: तीन पॉइंट आठ, म्हणजे जीव आहे.
चार्जरला लावला: लाल दिवा तीनदा मिचकला, विझला.
केबल बदलली. फ्रिज बंद करून
त्याच्या प्लगला लावून पाहिला,
का, ते विचारू नका.
इरावती झोपेतून म्हणाली, फेकून दे ना.
मी म्हटलं, हो.
तसं त्यावर लागायचं काय?
बातम्या, हवामान,
तिच्या पाठीच्या व्यायामाचे आकडे.

लॅमिंग्टन रोडला एका जिन्याखाली फिरोज खोत बसतात.
दुकान म्हणजे एक स्टूल, एक भिंग,
आणि वारा न देता फक्त धूर ओढणारा पंखा.
जुनी बॅटरी उलटीसुलटी करून म्हणाले,
हिला वायरी किती होत्या?
दोन.
मोजा.
तीन होत्या. लाल, काळी,
आणि मध्ये एक पांढरी, इतकी बारीक
की दोरा समजून मी ती पक्कडीने तोडली होती.

हिचं काम ताकद द्यायचं नाय, खोत म्हणाले,
हिचं काम फक्त सांगायचं,
बॅटरी तापली की नाय तापली.
बोर्ड विचारतो, कोणी बोलत नाय.
त्याला वाटतं बर्फात पडलीय.
मुंबईत बर्फ!
म्हणून बंद होतो. शहाणा आहे तो.

एक रुपयाचा रेझिस्टर होता त्यांच्या डबीत.
पांढरीच्या जागी टाकला की झालं.
तो कायम एकच सांगणार, पंचवीस डिग्री.
मे महिन्यात पंचवीस,
खिडकीतल्या उन्हात पंचवीस,
जळायला लागली तरी पंचवीस.
सगळे हेच करतात, ते म्हणाले. चालतं.

आणि मला माझाच आवाज ऐकू आला,
दर रविवारी फोनवर, चिपळूणच्या ताईशी:
सगळं ठीक. हो हो, सगळं ठीक.
नोकरी गेली त्या आठवड्यातसुद्धा.

नको, मी म्हटलं. दुसरं काही?
दुसरं वेळखाऊ आहे.
आहे वेळ.

जुन्या बॅटरीची पिवळी पट्टी त्यांनी सोलली,
जखमेवरची सोलतात तशी,
फुगलेल्या अंगाला टोक लागू न देता.
खाली मोहरीएवढा काळा मणी निघाला,
त्याला चिकटून उरलेली पांढरी वायर, बोटभर.
मणी नव्या बॅटरीच्या अंगाला टेकवून
वरून पट्टी दाबली, अंगठ्याने, बराच वेळ.
मग सोल्डरचा एक थेंब, आणि तो वास.
लाल दिवा लागला. मिचकला नाही.
खोतांनी बटण दाबलं.
पॉवर ऑन.
आम्ही दोघं पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलो.

ऐंशी रुपये घेतले.
जुनी बॅटरी वाळूच्या डब्यात ठेवून घेतली.
म्हणाले, घरी ठेवू नका असलं.

घरी चारच स्क्रू लागले.
पाचवा कुठे सांडला कोण जाणे,
रबराचा पाय तसाच चिकटवला.
ओट्यावर आता स्पीकर बोलतोय:
सांताक्रूझ, कमाल चौतीस.
मी फोन लावला.
ताई म्हणाली, काय रे? आज बुधवार.
काही नाही, मी म्हटलं.
मग म्हटलं, तसं नाही.