धुपाटणं

बुधवारचा जुना बाजार.
नळाच्या तोट्या, जोडी नसलेले बूट, थांबलेली घड्याळं
आणि गोणपाटावर मधोमध एक हिरवी टेकडी.
हातिम म्हणाला, चायना माल आहे, गॅरंटी नाही.
सातशे सांगितले, साडेचारशेला दिली.

खाली ताटली, ताटलीत दांडा, दांड्यावर वाटी,
वाटीवर झाकण. झाकण कसलं, डोंगरच.
कड्याआडून वाघ बघतोय,
खाली शिकारी नेम धरून,
सुळक्यांमागे लपवलेली भोकं:
धूर निघाला की ढग वाटावा.

झिलई काळपट हिरवी, मोरचूद आठवावं अशी,
एका अंगाला चंदेरी पापुद्रा.
नख लावू नका! घैसासबाई ओरडल्या.
टवका उडालाय तिथे तांबडी माती,
अगदी कुंभारवाड्यातली वाटावी.

बाईंनी भोकातून बॅटरी मारली.
काजळी नाही. एकदाही पेटलेलं नाही हे.
खरं असेल तर, म्हणजे असेलच असं नाही,
दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या मढ्याशेजारी ठेवायला केलेलं.
जित्यांना काशाचं, मेलेल्यांना मातीचं.
आणि नकली असेल तर?
तरी वाघ मन लावून केलाय, म्हणाल्या.

घरी गिरिजा दारातच म्हणाली,
तेल गेलं, तूप गेलं...
उरलेली म्हण मी टेबलावर ठेवली.

काय गेलं ते तिला ठाऊक आहे.
एकतीस वर्षं भवानी पेठेत
ऊद, लोबान, वाळा, नागरमोथा कालवला,
डोळे मिटून सांगायचो कुठल्या पोत्यात भेसळ.
मग त्या तापात नाक गेलं.
येईल, म्हणतात सगळे. चौथं वर्ष आहे.
भात करपला तर मला डोळ्यांनी कळतं.

रात्री झाकण उचललं.
(घैसासबाईंना कुणी सांगू नका.)
थोडी राख, राखेवर एवढासा निखारा,
वर अंदाजाने चिमटी. आता सगळं अंदाजानेच.

आधी काहीच नाही.
मग शिकाऱ्याच्या पाठीमागून एक धागा,
मग दुसरा,
मग वाघ दिसेनासा झाला.
मी आंधळ्याने सिनेमा पाहावा तसा
श्वास ओढत बसलो.
पाणी, नुसतं कोमट पाणी.

आतल्या खोलीतून, झोपेत की जागी कळेना,
गिरिजा म्हणाली,
नागरमोथा जास्त झालाय.
वाळा घाला थोडा.

मी उठून डबा शोधू लागलो.