पुलावरचा हॉर्न

खानापूर स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होतो.
खिडकीत तोंड घालून लोक एकच विचारायचे,
कन्नडात, मराठीत, कोकणीत:
येणार काय?
मी म्हणायचो, निघालीय.
निघालीय म्हणजे पोचणारच
असं मी कधी कुणाला म्हटलं नाही.

आता मैदानाकडेला प्लास्टिकची खुर्ची,
मांडीवर वही, कानावर पेन्सिल,
आणि प्रश्न तोच.
'मामा, औंदा येतंय काय पोरांचं आपल्या वर?'

वही सांगते ते सांगतो.
नऊ हंगाम. आठदा तळाला.
एकदा तळाच्या वर, कारण त्या साली
एका संघाचा ट्रॅक्टर पंक्चर झाला नि ते आलेच नाहीत.
खाल्लेल्या गोलांना मी उभी रेघ मारतो, पाचवी आडवी.
काही पानं लांबून
कुंपणासारखी दिसतात.

यंदाच्या संघात सगळ्यात थोरला भरमाणी, वय एकोणीस.
गोलात सटुप्पा. कौलांच्या कारखान्यात
ओली कौलं झेलून झेलून पंजे तयार,
खरं उजवीकडं पडायला अजून भितोय.
इनासचा डावा पाय सोन्याचा,
उजवा नुसता उभं राहायला.
चन्नबसू चेंडू मागायचा कन्नडात,
मौलाली चिडायचा मराठीत,
तोवर चेंडू तिसऱ्याच्याच पायात.
आता सगळेच नुसतं 'बा!' ओरडतात
आणि चेंडू येतो.

तरीपण.
सायकलवाला इराप्पा म्हणतो,
पोरं कवळी हायत, अजून दोन वर्षं द्या.
दोन वर्षांनी कुठली पोरं, इराप्पा?
इनासचा मामा मडगावला हॉटेलात आहे.
भरमाणी रोज पहाटे भरतीसाठी धावतो,
बॉर्डर कुठली का असंना, जाणार.
पिकेपर्यंत झाडावर
राहायला तर पाहिजे.

मागल्या वर्षी कॅम्पातल्या संघानं सात घातले.
पोरं घाम पुसून भज्यांवर बसली,
फोटो काढले, चिरमुऱ्यात कांदा कमी
म्हणून भांडली.
यंदा नंदगडला हरलो, दोन-एक.
शेवटच्या मिनिटाला इनासचा चेंडू
खांबाला लागून परत आला.
मिरची भजी कागदावर तशीच.
तेलानं कागद आरपार दिसायला लागला,
खालची जुनी बातमी वाचता आली,
कुणी हात लावला नाही.

माझी शेवटची एसटी चुकली, म्हणून टेम्पोत बसलो.
मागं अंधारात धप्प आवाज.
परत धप्प.
सटुप्पा गोणपाटावर
उजवीकडं पडून बघत होता.
वळण आलं की थांबायचा,
रस्ता सरळ झाला की परत.

हे कुठल्या रकान्यात लिहू?

कणकुंबीची गाडी मलप्रभेच्या पुलावर आली
की ड्रायव्हर हॉर्न द्यायचा,
तो ऐकूनच मी माईक उचलायचो.
पूल ते स्टँड अडीच मिनिटं.
तेवढंच मला भविष्य कळायचं.
त्यातही एकदा पुकारून बसलो
आणि गाडी पुलावरच बंद पडली.
लोक पिशव्या स्टँडात टाकून चालत गेले
आणि ढकलत घेऊन आले.

काल चन्नबसूचा बाप खुर्चीजवळ उकिडवा बसला.
'एन् मामा, बरतावा?'
नोडोण, म्हटलं.
पेन्सिल कानावरनं काढली, परत ठेवली.
रविवारी कॅम्पाशीच आहे, साडेचारला.
म्हटलं, टेम्पोत माझी जागा धरून ठेवा.
'पुढं बसा की, ड्रायव्हरजवळ.'
पुढं नको.
मागं, गोणपाटाशेजारी.