तोलाईदाराची पावती

एकतीस वर्षं मी सांगलीच्या यार्डात
हळदीचं वजन पुकारत आलो.
म्हणून हरिपुरात वाद पेटला तेव्हा
पोरं मलाच न्यायला आली,
टेम्पोत काटा घालून.

वाद जुनाच:
आधीची माणसं ताकदीची, की आत्ताची?

तालमीच्या दारात गोटी. काळी, घामानं तुकतुकीत.
महापुरात तालीम गळ्याइतकी बुडाली,
हौद्याची माती गेली, भिंतीवरचे फोटो गेले,
गोटी जागची हलली नाही.
आप्पाण्णा मगदुमांनी ही खांद्यावरून मागं टाकली,
एका हातानं, असं आता म्हणतात.
मी लहान असताना दोन हातांनी म्हणायचे.
वजन? "साडेतीन मण. नक्की."

काटा सपाट केला, पाचर मारली,
चौघांनी मिळून दगड चढवला.
चौऱ्याऐंशी किलो तीनशे ग्रॅम.

कुणी बोलेना.
मग एक म्हातारा, "हात लागून लागून झिजली असंल."
असेल. हळदसुद्धा पेवात घटते.
पण सव्वा मण?
पोत्यामागं आम्ही बारदानाचा कडता धरतो,
गोष्टीला कडता लावायची पद्धत आपल्याकडे नाही.

तस्लीम पुढं आली, दस्तगीर नदाफाची धाकटी.
स्वतः पंचावन्न किलोची, डोक्यावर ब्याण्णव धरते.
लोखंड किती वेगानं वर गेलं
ते तिचे चौगुले सर मोबाईलवर बघतात.
मनगटावरचं घड्याळ सांगतं, रात्री झोप कमी झाली, आज हलकं घे.
दर चौथा आठवडा विश्रांतीचा.
आप्पाण्णांना कुणी विश्रांती घ्या म्हटलं असतं
तर त्यालाच हौद्यात घेतला असता.

हाताला पावडर लावून ती वाकली.
गोटीला दांडा नाही, कड नाही, डावी-उजवी नाही.
सुटली. परत सुटली.
तिसऱ्यांदा पायाचं बोट थोडक्यात वाचलं.
पोरं हसली. म्हातारे हसले नाहीत, नुसते खुलले.
तिनं बूट काढले, दगडाभोवती एक फेरी मारली
म्हशीच्या बाजारात मारतात तशी,
मांडीवर घेतला, तिथून छातीशी,
आणि पाचव्या खेपेला तिथंच अडकली.
खाली ठेवून म्हणाली, "दोन महिने द्या."

तेवढ्यात दस्तगीर, "द्या हिकडं, पाठीवर."
बासष्ट वर्षांचा माणूस. तिघांनी लादला.
घाटाच्या पायरीपर्यंत गेला, परत आला,
गुडघे जरा बाहेर, श्वास पावलागणिक,
खाली बघत, शंभरी पोत्याची चाल.
टाळ्या पडल्या. "बघा! ह्याला कुठलं घड्याळ होतं?"

बघितलं मी.
पण मला त्याची बाराजणांची टोळी आठवली.
इराण्णाची कंबर पस्तिशीत गेली.
मारुती ऐवळे फळीवरनं पोत्यासकट खाली आला.
गुलाब तांबोळी रिक्षा घेऊन सुटला, शहाणा.
पोतं पन्नासवर आलं तोवर चौघंच होते.
दस्तगीर उरला,
उरला म्हणून दिसला.
चौगुल्यांकडं एकोणीस पोरी आहेत,
त्यांच्या करंगळीची दुखापतसुद्धा वहीत चढते.
आमच्या वहीत पोती चढायची.

हे तिथं बोललो नाही.
तोलाईदारानं आकडा सांगावा, भाव नाही.
सवयीनं पावती फाडली:
माल दगड. नग एक. वजन ८४.३००.
कडता, रेघ. तोलाई, माफ.
मालकाच्या रकान्यात पेन अडलं.

समोर पायरीवर तस्लीम बापाची पाठ चोळत होती.
"अब्बा, भार नेमका कुठं घेता?"
तो हात मागं नेऊन जागा चाचपत होता,
"हितं... न्हाई, थांब.
जरा खाली."